विद्या विनयेन, वेतन कशाने?

"दादा, तू तरी त्याला समजावून सांग," असे आमच्या धाकट्या बहिणीने फोनवर म्हटले, आणि मी खुर्चीत ताठ बसलो. निवृत्त माणसाला यापेक्षा गोड वाक्य दुसरे नाही. नोकरीत असताना सदतीस वर्षांत मला कोणी काही समजावून सांगायला सांगितले नव्हते; उलट "तुम्ही मध्ये बोलू नका हो" असेच सांगितले होते. त्यामुळे पोटात उपदेश पुष्कळ तुंबलेला आहे.

प्रकरण असे होते. बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बारावीला चौऱ्याहत्तर टक्के मिळवून आयटीआयला गेला. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तेव्हाच त्यांच्या घरात दुखवट्याचे वातावरण पसरले होते. आमचे मेहुणे लोकांना "तो इलेक्ट्रिकलला आहे" असे सांगत आणि 'इलेक्ट्रिकल' या शब्दानंतर असे काही खोकत, की पुढचा 'इंजिनिअरिंग' हा शब्द ऐकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ऐकून घ्यावा. दोन वर्षांत ते दुःख जुने झाले, खोकलाही बरा झाला. एवढ्यात २०२२ साली चिरंजीवांनी आमच्या डोंबिवलीतल्याच औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात, वर्षभराची शिकाऊ उमेदवारी पत्करली.

"पगार किती?" मी विचारले. मध्यमवर्गीय माणूस प्रकृतीची चौकशी नंतर करतो.

"पगार नाही रे, विद्यावेतन. महिना सात हजार."

विद्यावेतन! हा शब्द मी वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचला होता, पण तो आपल्या घरात येऊन बसला तेव्हा पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. ज्या कोणा भाषापंडिताने 'स्टायपेंड'ला हा प्रतिशब्द काढला, त्याला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. सरस्वती आणि लक्ष्मी एका ठिकाणी नांदत नाहीत असे लहानपणापासून ऐकत आलो. या गृहस्थाने दोघींना एका शब्दात, एकाच शिरोरेषेखाली आणून बसवले. आणि मग माझ्या निवृत्त डोक्यात प्रश्न वळवळू लागला. पैसे देऊन शिकतो तो विद्यार्थी. पैसे घेऊन काम करतो तो नोकर. मग पैसे घेऊन शिकतो तो कोण? आणि त्याने ते पैसे घ्यावेत की नाही? म्हणजे, शोभते का ते?

हसू नका. आपल्या रक्तात गुरुदक्षिणा आहे. एकलव्याला द्रोणाचार्यांनी एक अक्षर शिकवले नाही, तरी त्याने अंगठा दिला. आमच्या सोसायटीतल्या तिसरीतल्या पोराची शिकवणीची फी ऐकली की वाटते, अंगठा स्वस्त पडला. असे असताना गुरूच शिष्याच्या हातात महिन्याच्या महिन्याला पैसे ठेवतो, हे जरा नदी डोंगरावर चढल्यासारखे वाटते.

आमच्या आजोबांनी उमेदवारी केली होती. 'उमेदवार' म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे हात जोडलेला माणूस आणि त्याच्या मागे जीप येते; पण आजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे मामलेदार कचेरीत फुकट लेखणी झिजवणारा तरुण. मूळ शब्द फारशीतला, उमेद म्हणजे आशा. आज ना उद्या जागा रिकामी होईल या आशेवर जगणारा तो उमेदवार. आजोबांनी दोन वर्षे आशेवर काढली. शनिवारी वारावर जेवत आणि एकादशीला खूश असत, कारण त्या दिवशी उपाशी राहण्याला धार्मिक कारण मिळे. ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या अभिमानाने सांगितली जाते. मीही भाच्याला तीच सांगणार होतो. आजोबा त्या दोन वर्षांत नेमके काय शिकले, हे मात्र कोणीच सांगत नाही. मी एकदा वडिलांना विचारले होते; ते म्हणाले, "हस्ताक्षर."

उपदेशाची तयारी म्हणून मी थोडे वाचनही केले. (निवृत्तीनंतर वाचनालयाची वर्गणी वसूल करण्याचा नाद लागतो.) तेव्हा कळले की हा प्रश्न आमच्या बहिणीच्या आधी स्मृतिकारांनाही पडला होता. कसब शिकायला गुरूच्या घरी राहणाऱ्या मुलाला ते 'अंतेवासी' म्हणतात. याज्ञवल्क्य सांगतो, पोर ठरलेल्या मुदतीआधी कसब शिकून मोकळे झाले, तरी त्याने मुदत पुरी होईपर्यंत गुरूच्या घरी राहावे. जेवण गुरूचे, आणि त्याच्या कामाचे फळही गुरूचे. म्हणजे आधी गुरू तोट्यात, मग शिष्य तोट्यात, शेवटी हिशेब बरोबर. माझ्यातला कारकून या श्लोकावर निहायत खूश झाला. पण लगेच नारद आडवा आला. तो म्हणतो, गुरूने त्या मुलाला आपल्या घरी शिकवावे, जेवू घालावे, मुलासारखे वागवावे, आणि दुसरे कोणतेही काम करायला लावू नये.

दुसरे कोणतेही काम! म्हणजे चहा आणायचा नाही, बिडी आणायची नाही, गुरुपत्नीचा गॅस सिलिंडर आणायचा नाही. हा नियम जर खरोखर अमलात आला असता तर आपल्या देशातली निम्मी गॅरेजे आणि सगळी वायरमनची दुकाने त्याच दिवशी बंद पडली असती.

असो. रविवारी भाचा आला. मी पुढ्यात लाडवाची बशी ठेवली आणि आजोबांपासून सुरुवात केली. तो ऐकून घेत होता. लाडू संपला तसा म्हणाला, "मामा, तुम्हाला बँकेत पहिल्या वर्षी पगार होता?"

"होता की. १९७९ साली लागलो मी. पूर्ण पगार, अधिक महागाई भत्ता."

"आणि त्या वर्षी तुम्ही काय करत होतात?"

आता खरे सांगायचे तर त्या वर्षी मी शिकत होतो. सहा महिने मला खतावणीच्या बाजू कळत नव्हत्या. एकदा तर एका खातेदाराची रक्कम त्याच आडनावाच्या दुसऱ्याच गृहस्थाच्या खात्यात चढवली, आणि त्या गृहस्थाने ती इतक्या तत्परतेने काढून घेतली, की पुढे सहा वर्षे मी त्या आडनावाच्या माणसाशी बोललो नाही. तरी पहिल्या तारखेला पगार मोजून घेताना 'शिकतो आहे, कशाला पैसे?' असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. आजोबांचाही शिवला नव्हता.

आणि मग एकेक आठवायला लागले. शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी एमबीबीएसनंतर वर्षभर आंतरवासिता करत होती, तिला मिळते त्याचे नाव विद्यावेतन. त्या डॉक्टरांनी विद्यावेतन वाढवून मागितले की आम्ही गच्चीवर उभे राहून "पोरांवर अन्याय होतो आहे" असे म्हणतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा सीए होताना तीन वर्षे आर्टिकलशिपला होता. त्यालाही दरमहा काही मिळे, आणि 'आर्टिकलशिप' हा शब्द तर लग्नाच्या बाजारात सोन्याच्या भावाने खपला. म्हणजे स्टेथोस्कोप किंवा टाय गळ्यात असला की शिकता शिकता पैसे घेणे शोभते. पक्कड खिशात असली की स्मृती उघडून बघावी लागते. हे माझे मलाच जरा चमत्कारिक वाटले. मी भाच्यापुढे दुसरा लाडू सरकवला.

कायद्याचे मत काय, तेही त्यानेच सांगितले. १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. मालक आणि उमेदवार यांचा करार होतो, त्याची नोंदणी होते. २०१९ साली सुधारलेल्या नियमांनी किमान विद्यावेतन उमेदवाराच्या शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान ठरवून दिले. २०१६ साली सरकारने एक योजना आणली, तिच्यात त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार रुपये, सरकार सोसू लागले. (म्हणजे माझ्या निवृत्तिवेतनावर कापलेल्या करातून! त्या क्षणापासून भाच्याच्या प्रगतीत मला भागधारकाचा रस उत्पन्न झाला.) पण कायद्यातली मला सर्वांत आवडलेली गंमत वेगळीच आहे. हा कायदा म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. मात्र शिकता शिकता त्याला अपघात झाला, तर नुकसानभरपाई कामगाराच्या हिशेबाने. म्हणजे बोट शाबूत आहे तोवर विद्यार्थी. बोट गेले की कामगार. ज्याने हे कलम लिहिले त्याला आमच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, की तोही माझ्यासारखाच घोटाळ्यात पडला होता, ते काही कळत नाही.

परदेशातही असा घोटाळा असावा. विजेच्या बाबतीत ज्याचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते तो मायकेल फॅरडे, लंडनमध्ये लोहाराचा मुलगा. १८०५ साली तो एका बुकबाइंडरकडे सात वर्षांच्या उमेदवारीला राहिला. त्या काळी तिथे उमेदवाराच्या बापानेच मालकाला रक्कम मोजायची चाल होती. याच्या मालकाने ती माफ केली. बांधायला आलेल्या विश्वकोशातला विजेवरचा लेख या पोराने पुस्तक बांधता बांधता वाचला आणि बिघडला. मालकाने आणलेले पुस्तक, मालकाचा वेळ, आणि हा वाचतो आहे! आमच्या बँकेत असते तर मेमो मिळाला असता. मालक भला, त्याने अडवले नाही. पुढे १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनने फॅरडेला मदतनीस म्हणून ठेवले तेव्हा आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला माळ्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या अशी बोली झाली. ज्याच्या शोधांमुळे पुढे मेणबत्त्या वाढदिवसापुरत्या उरल्या, त्याच्या विद्यावेतनात मेणबत्त्या होत्या, ही गोष्ट मला फार आवडते. भाच्याला सांगितली तर तो म्हणाला, "आमच्याकडे बूट आणि हातमोजे देतात."

कारखान्यात त्याला ज्यांच्या हाताखाली दिले होते, ते साताऱ्याकडचे एक बुजुर्ग मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचे पहिले वाक्य, "पैसं घेऊन शिकणारी पोरं शिकत न्हाईत." दुसरे वाक्य, "चार चहा सांग."

पहिले दोन महिने भाच्याने घोडा धरला. घोडा म्हणजे दोन पायांची शिडी. अण्णा वर, हा खाली. वर काय चालले आहे ते खालून दिसत नाही. पॅनलचे काम आले की अण्णा असे वळून उभे राहत की त्यांच्या पाठीशिवाय काही दिसू नये. पाठीचा मात्र सखोल अभ्यास झाला. "मामा, ते मुद्दाम लपवतात," भाचा एकदा चिडून म्हणाला.

मला यात नवल वाटले नाही. मांजर वाघाची मावशी. तिने भाच्याला सगळे शिकवले आणि झाडावर चढणे तेवढे शिल्लक ठेवले, हे आपण दुसरीत ऐकलेले असते. मांजरीला दोष देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. उद्या हा पोरगा शिकला की आपल्यापेक्षा कमी पैशात आपलेच काम करणार, हे अण्णांना दिसत असेल तर त्यांनी पाठ का वळवू नये? कारखान्याने पोराला विद्यावेतन दिले. अण्णांना विद्यादानाचे काय दिले? तर काही नाही. पगार तोच, वर डोक्याला ताप. नीतीचा हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड निघाला आणि त्यावर याज्ञवल्क्य गप्प आहे. निदान आमच्या वाचनालयातला.

पण तिसऱ्या महिन्यात काहीतरी फिरले. अक्षरशः फिरले. भाच्याने एका पंपाच्या मोटरला तारा जोडल्या. तीन फेजांतल्या दोन उलटसुलट लागल्या. तसे झाले की मोटर उलटी फिरते. पंप गरगर फिरतो आहे, आवाज ठणठणीत, आणि पाण्याचा पत्ता नाही. दुसऱ्या कोणी असते तर खुशाल म्हणाले असते, पंपच खराब आहे. हा अण्णांकडे जाऊन म्हणाला, "माझं चुकलंय." अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्याला पॅनलपुढे उभे केले आणि आपण बाजूला झाले. पाठ नव्हे, बाजू. "आता ह्या दोन तारा बदल. आधी टेस्टर लाव. बंद केलंय म्हणून बंद असतंय असं न्हाई."

आणि त्याच आठवड्यात ती फ्यूजची गोष्ट झाली.

विजेच्या कामात एक रिवाज आहे. लाइनवर काम करायचे तर नुसता खटका पाडून भागत नाही; कोणी अजाणता तो वर केला तर संपलेच. म्हणून फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. मोठ्या कारखान्यांत आता कुलपे लावतात, पाट्या टांगतात. अण्णा तेही करत, पण फ्यूज खिशात ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या दिवशी त्यांना उंचावर, शेडच्या दुसऱ्या टोकाला जायचे होते. त्यांनी फ्यूज काढला आणि भाच्याच्या हातात दिला. "खिशात ठेव. मी खाली येऊन मागंपर्यंत कुणालाच द्यायचा न्हाई. मॅनेजर आला तरी न्हाई."

"मग?" मी विचारले.

"मग काय, दीड तास पॅनलसमोर उभा होतो. जेवणाची सुट्टी झाली. सगळे गेले. मी एक हात खिशातच ठेवला होता." जरा थांबून तो म्हणाला, "मामा, घाम आला होता."

मी काही बोललो नाही. महिना सात हजारांच्या खिशात एका माणसाचा जीव दीड तास होता, आणि त्या जिवाला घरी बायको, सून, नातवंडे होती. हे सात हजार जास्त की कमी, हा हिशेब मला बँकेतल्या सदतीस वर्षांत कोणी शिकवला नव्हता.

आता मला माझ्याकडे वळले पाहिजे. इतका वेळ टाळत होतो.

आमच्या बाथरूममधल्या गीझरचा नळ धरला की आमच्या हिच्या बोटांना मुंग्या येत. ही तक्रार जुनी. मी ती वाताच्या खात्यात टाकली होती. दोनदा तेल आणून दिले, एकदा तर सुंठीचा काढासुद्धा सुचवला. मला कधी मुंग्या आल्या नाहीत, कारण मी पायात रबरी चपला घालून अंघोळीला जातो, ही सवय मला आईने लावली. भाच्याला सहज बोलता बोलता सांगितले तर तो लाडू अर्धा टाकून उठला. "मामी, गीझर बंद ठेवा. आजपासून."

"अरे मग तूच बघ की जरा," मी म्हणालो. मनात हिशेब असा, की घरचा मुलगा. श्रीखंड-पुरी करू आणि काम उरकून घेऊ.

"मी एकटा नाही करणार. अजून वर्ष पुरं झालं नाही, परीक्षा व्हायची आहे. अण्णांकडे परवाना आहे, त्यांना घेऊन येतो."

दुसऱ्या रविवारी अण्णा आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशवी. त्यांनी गीझरचा सॉकेट उघडला आणि भाच्याला म्हणाले, "तू सांग."

तीन पिनांच्या सॉकेटात वरचे मोठे भोक असते ते अर्थिंगचे. तिथून हिरवी तार निघते, भिंतीतून खाली मीटरपर्यंत जाते आणि तिथून जमिनीत. यंत्रात काही बिघडले तर वीज तिच्यातून मातीत जावी, माणसातून जाऊ नये, एवढ्यासाठी ती. आमच्याकडे हिरवी तार होती. चार इंचांची. अर्थिंगच्या स्क्रूपासून निघून ती शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूला मिळाली होती. भिंतीत शिरलीच नव्हती.

"आणि ही न्यूट्रल कुठं मागं तुटली तर?" अण्णांनी विचारले.

"गीझरच्या टाकीवर दोनशे तीस व्होल्ट," भाचा म्हणाला. नळावरही, हे त्याने सांगितले नाही. ही दारात उभी होती.

अण्णा माझ्याकडे वळले. "हे काम कुणी केलंय?"

१९९४ साली आम्ही हे घर घेतले तेव्हा वायरिंगसाठी दोघांनी दर सांगितले. एक परवानावाला, वयस्क. दुसरा एक तरतरीत पोरगा. कुणाकडे तरी पाच-सहा महिने हाताखाली राहून, पोट भरेना म्हणून बाहेर पडलेला. त्याने चारशे रुपये कमी सांगितले. मी त्याचे कौतुकही केले होते, 'स्वतःच्या पायावर उभा राहतो आहेस, शाब्बास.' त्या चारशे रुपयांची गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना सांगत असे.

"ते पोरगं कुणाकडं शिकलं होतं?" अण्णांनी विचारले.

मी म्हणालो, "आमच्याकडे."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी मोरीच्या उंबऱ्यावर बसून घेतले. म्हणाले, "साहेब, मी बी असाच झालो असतो. म्हमईत उस्तादाकडं तीन वर्सं होतो. पगार न्हाई. एकदा दुपारचं जेवण, बाकी चपराका. मग पोट भराया रात्री हाटेलात कपबशा धुवायचो. दोन वाजता झोप, सहाला उठ. एक दिस उस्ताद वर, मी खाली खटक्यापाशी. उभ्या उभ्या डुलकी लागली. खांदा खटक्यावर गेला." त्यांनी आपल्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवले. "हितनं हितपर्यंत भाजला त्यो. वाचला, पण भाजला. मरंस्तोवर हाताला डाग होता. मला बोलला न्हाई काही. म्हणला, माझंच चुकलं, तुला जेवाय घातलं न्हाई."

"तरी तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात की पैसे घेऊन शिकणारी पोरं..." भाच्याने धीर करून म्हटले.

"म्हणलो. शिकत न्हाईतच समदी. तू चहा बी नीट आणत न्हाईस, निम्मा सांडतोस."

मग खर्चाचे बोलणे झाले. मीटरपासून हिरवी तार ओढायची, आणि गळती तीस मिलीअँपिअर झाली की डोळे मिटायच्या आत वीज तोडणारा खटका बसवायचा. अण्णांनी पिशवीवरच हिशेब मांडला. सामान इतके, माझी मजुरी इतकी, पोराची मजुरी इतकी.

"अहो, तो भाचा आहे माझा," मी म्हणालो. जीभ सवयीने वळली. १९९४ पासून तिला दुसरी दिशा माहीतच नव्हती.

"जेवताना भाचा," अण्णा म्हणाले. "तार ओढताना हेल्पर."

मी भाच्याकडे पाहिले. आपल्याकडे अशा वेळी 'राहू दे हो मामा, माझं कशाला' असे म्हणायची रीत आहे. ते एकदा म्हटले जाते, मग आपण आग्रह करतो, मग तो पुन्हा नको म्हणतो, आणि मग आपण आग्रह थांबवतो. भाचा म्हणालाच नाही. तो टेस्टर पुसत होता. मला राग आला की बरे वाटले ते अजून ठरायचे आहे. ही आतून पैशाचे पाकीट घेऊन आली आणि तिने ते माझ्या हातात न देता अण्णांच्या पिशवीवर ठेवले.

खाली मीटरच्या खोलीत जाऊन अण्णांनी मेन खटका पाडला, आमचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज उपसून काढला, वर आले आणि तो माझ्या हातात दिला. "सदऱ्याच्या खिशात न्हाई, पडंल. लेंग्याच्या खिशात. आमी मागंपर्यंत कुणाला द्यायचा न्हाई."

मी फ्यूज खिशात ठेवला. जेमतेम वीतभराच्या आतली वस्तू, पण लेंगा एका बाजूने खाली ओढल्यासारखा वाटायला लागला. आत बाथरूममध्ये भाचा स्टुलावर चढलेला, हात भिंतीतल्या भोकात. पंखा बंद. घंटी बंद, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी दार बडवायला लागले, त्यांच्या हातात सत्यनारायणाचा प्रसाद होता. ही म्हणाली, "उठा, दार उघडा."

"मला हलता येत नाही," मी म्हणालो. "कामावर आहे."

दार तिनेच उघडले. परत येताना अण्णांना तिने विचारले, "यांना विद्यावेतन किती द्यायचं?"

"पहिल्या दिशी न्हाई द्यायचं काई," अण्णा आतून म्हणाले. "पहिल्या दिशी चहा सांगायचा."

गॅसला वीज लागत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात येईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठलो. डावा हात खिशात ठेवूनच आधण ठेवले, आले किसायला मात्र दोन हात लागतात म्हणून आले राहिले. चार कप केले. अण्णांनी एक घोट घेतला, भाच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "साखर इसरले."

मी साखरेचा डबा आणायला वळलो, एवढ्यात आतून भाचा ओरडला, "मामा, फ्यूज आहे ना तुमच्याकडे?"

"आहे रे, आहे," मी म्हणालो, आणि तरी एकदा खिशात चाचपून पाहिले.